नव्वद दिवसांचा गाळ

अहवाल सव्वीस पानांचा होता. त्यात पंख्यांचे आलेख होते, तापमानाचे तक्ते होते, कंपनी पाणी कसं वाचवते यावर एक अख्खं पान होतं, आणि अण्णांचं नाव एकदाच होतं, तेही चुकीचं. रंगनाथ गायधनींचं रघुनाथ झालं होतं. शलाकाने पेन्सिलने वडिलांचं नाव दुरुस्त केलं आणि एकोणिसाव्या पानावरचं ते वाक्य पुन्हा वाचलं. 'कंत्राटी तंत्रज्ञाने दोन्ही टोकांची खातरजमा न करता केबल काढल्यामुळे सेवा अकरा मिनिटे खंडित झाली. कारण : मानवी चूक.'

त्याखाली सदर तंत्रज्ञाचे त्याच दिवशी हृदयविकाराने दुःखद निधन झाल्याची नोंद होती. तिला सगळ्यात जास्त खुपला तो 'दुःखद' हा शब्द. मेलेल्याचं नाव नीट लिहायला ज्यांना सवड नव्हती, त्यांना दुःख करायला कुठून मिळाली?

अण्णांना जाऊन बहात्तर दिवस झाले होते.

सिन्नरच्या पुढे, पवनचक्क्यांच्या माळावर, 'निरंतर' कंपनीचं डेटा सेंटर होतं. जिल्ह्यातल्या आरोग्य उपकेंद्रांनी रुग्णवाहिका बोलावली की ती हाक आधी तिथल्या एका सर्व्हरवर जायची आणि तिथून जवळच्या गाडीकडे. त्या दिवशी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी ही यंत्रणा बंद पडली आणि अकरा सोळाला पुन्हा सुरू झाली. मधल्या वेळात किती हाका वाया गेल्या, कुणाकुणाचं काय झालं, ते कुणी मोजलं नाही. नाव मात्र एकाचं छापून आलं.

गावातल्या, पळशाच्या गिरणीत दळण ठेवायला ती गेली तेव्हा रांगेतल्या एका बाईने तिचा हात हातात घेतला. आवाज उतरवून म्हणाली, "तुझ्या अण्णांच्या हातून झालं म्हणे ते. वय झालं की हात थरथरतो गं बाई. त्यांचा काय दोष?"

शिवी दिली असती तर शलाकाने परत दिली असती. ही माफी मात्र तिच्या घशाखाली उतरेना. दळण तिथेच ठेवून ती घरी आली.

अण्णांचा हात थरथरत नव्हता. आयुष्यभर त्या हाताने तारा जोडल्या होत्या. टेलिफोन खात्यात ते जॉइंटर होते. रस्त्याखालच्या खड्ड्यात उतरून शिशाच्या वेष्टणातल्या शेकडो तांब्याच्या तारा एकेक करून जुळवायच्या, हे त्यांचं काम. पुढे तांबं गेलं आणि काचेचे दोरे आले, तेव्हा चाळिशी उलटलेल्या अण्णांनी नवं काम शिकून घेतलं. शलाका सहावीत असताना त्यांनी एक टाकाऊ फायबर केबल घरी आणून तिला दाखवली होती. पिवळी, सुतळीएवढी, दोन पदरी.

ते म्हणाले होते, यात दोन दोरे आहेत, एक बोलतो आणि एक ऐकतो. सर्व्हर इकडे, निरोप पुढे वाटणारा स्विच तिकडे. इकडचं तोंड तिकडच्या कानाला आणि तिकडचं तोंड इकडच्या कानाला लागलं पाहिजे. तोंडाला तोंड लावलंस तर दोघं बोलतच बसतील, ऐकणार कोण? मग त्यांनी तिला शिस्त सांगितली. टोकाचं टोपण आयत्या वेळीच काढायचं. टोक कापडाने एकाच दिशेने पुसायचं, कारण डोळ्याला न दिसणारा धुळीचा कणही उजेड अडवतो. केबल मुठीपेक्षा लहान वळणात वाकवायची नाही. टोकात डोळा घालून कधी बघायचं नाही. आणि 'टक्' असा आवाज येईपर्यंत ती बसली असं मानायचं नाही.

सगळ्यांत वरची शिस्त मात्र ठोक्यांची. ती जुन्या खड्ड्यांमधून आली होती. अण्णा एका खड्ड्यात आणि त्यांचे जोडीदार निवृत्ती सानप फर्लांगभर पुढच्या खड्ड्यात. अण्णांनी आपल्याकडचा नंबर वाचायचा आणि पान्याच्या मुठीने केबलवर दोन ठोके द्यायचे. निवृत्तीकाकांनी आपल्याकडचा नंबर तपासून दोन ठोके परत द्यायचे. त्या परतीच्या ठोक्यांचा अर्थ ठरलेला होता : ऐकलं, जुळलं, आता हात काढ. ते आल्याशिवाय तारेला कात्री लावायची नाही. पुढे दोघं निवृत्त झाले, डेटा सेंटरमध्ये कंत्राटावर लागले, वातानुकूलित खोलीत समोरासमोरच्या रॅकपाशी उभं राहून काम करू लागले, तरी पत्र्यावर दोन ठोके वाजतच राहिले. तिथली तरुण माणसं हसायची. घरी अण्णा गॅस बंद केला की शेगडीवर दोन ठोके द्यायचे, आणि आई असेपर्यंत ती स्वयंपाकघरातून कुरकुरायची, "दिले हो परत, झोपा आता."

दुसरी सवय पत्र्याच्या डब्याची. कापून काढलेला जोड, निकामी केबल, काहीही अण्णा लगेच फेकत नसत. तारखेची चिठ्ठी बांधून बिस्किटांच्या डब्यात नव्वद दिवस ठेवायचे. ते म्हणायचे, बिघाड दुरुस्त झाला असं वाटतं आणि दोन महिन्यांनी तोच परत येतो. तेव्हा खरं कारण काढून टाकलेल्या तुकड्यातच सापडतं.

शलाका धरणांच्या सुरक्षेचं काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत होती, आणि तिचं कामही फायबरचंच होतं, पण वेगळ्या अंगाने. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यातून जाणाऱ्या उजेडाचा अगदी थोडा अंश वाटेत बोट-बोट अंतरावर विखुरतो आणि उलटा फिरतो. दोरा हलला, नुसता शहारला, तरी त्या परतणाऱ्या उजेडात फरक पडतो. उजेडाचा वेग ठाऊक असतो, त्यामुळे फरक कुठल्या बिंदूतून आला तेही कळतं. म्हणजे निरोप नेणारा दोरा हा एक लांबच लांब कान असतो. धरणाच्या भिंतीत पुरलेले असे दोरे पाझर ऐकतात, तडा ऐकतात.

अडचण एवढीच की ते सगळंच ऐकतात. भिंतीवरून जाणारी म्हैस, ट्रॅक्टर, फिरायला आलेली जोडपी. पाण्याचा बारीक आवाज ऐकायचा तर आधी हे बाजूला करायला हवं. शलाकाने चार वर्षं खपून त्यासाठी एक चाळणी लिहिली होती. माणसाची पावलं, बोलणं, ठोकाठोक ती नेमकी ओळखायची आणि वेगळी काढायची. वेगळ्या काढलेल्या आवाजाला तिने 'गाळ' असं नाव दिलं होतं.

मग सर्व्हर आणि स्विच यांना जोडणाऱ्या दहा-बारा मीटरच्या केबलींनाही ऐकता येऊ लागलं. केबलीच्या टोकाशी बसणाऱ्या अंगठ्याएवढ्या दिव्यातच ती सोय आली. डेटा सेंटरवाल्यांना ते हवंच होतं. पंख्याचं बेअरिंग झिजायला लागलं, की ते बंद पडायच्या आठवडाभर आधी शेजारची केबल सांगायची. फक्त मध्ये माणसांचा गोंगाट नको होता. 'निरंतर'ने प्रयोगशाळेशी करार करून शलाकाची चाळणी घेतली. त्या दिवशी अण्णांनी पेढे वाटले होते. निवृत्तीकाकांना ते म्हणाले होते, आपण ज्या केबली लावतो ना, त्यांचे कान माझी पोरगी साफ करते.

निवृत्तीकाका नाशिकरोडला मुलाकडे राहत. शलाका अहवाल घेऊन त्यांच्याकडे गेली. त्यांनी चष्मा लावून एकोणिसावं पान वाचलं, चष्मा काढला आणि बराच वेळ तो धोतराला पुसत बसले.

त्यांनी सांगितलं त्यातलं बरंचसं तिला ठाऊक नव्हतं. वर्षभरापूर्वी कंपनीने जोडीची पद्धत बंद केली होती. एका माणसाचं काम करायला दोन कशाला? दुसऱ्याच्या जागी टॅबलेट आला. कुठली केबल काढायची ते टॅबलेट सांगणार, काढली की त्यावर बोट दाबायचं. निवृत्तीकाकांना हार घालून घरी पाठवलं. अण्णा एकटे राहिले.

"मी त्याला म्हटलं, रंगनाथ, आता ठोके कुणाला देशील?" काका म्हणाले. "तर म्हणे, इकडच्या टोकाला वाचतो, दोन ठोके देतो. मग चालत तिकडच्या टोकाला जातो, तिथला नंबर वाचतो आन् तुझ्या वाटचे दोन ठोके मीच देतो. मी म्हटलं, येडा झाला का. तो म्हणे, सवय मोडली तर हात चुकंल."

काकांनी अहवाल तिच्याकडे सरकवला.

"पोरी, ह्यात लिवलंय दोन्ही टोकं बघितली नाहीत. तुझ्या बापाने आयुष्यात एक टोक बघून काम केलेलं मी पाहिलं नाही. पण माझ्या बोलण्याला कोण विचारतो. बघायला होतं कोण तिथं?"

बघायला कुणी नव्हतं. वीज वाचावी म्हणून तो हॉल काळोखातच ठेवत, माणूस जाईल तेवढ्यापुरता उजेड. कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवणारी माणसं दुसऱ्या शहरात होती आणि त्यांच्यासमोर यंत्राने सांगितलं तरच चित्र यायचं. शलाका बस स्टँडकडे चालत निघाली आणि पुलावर मध्येच थांबली. बघायला कुणी नव्हतं, पण ऐकायला होतं. त्या रॅकमध्ये बत्तीस केबली होत्या. त्यांनी अण्णांचं पाऊल न् पाऊल ऐकलं होतं, आणि तिच्या चाळणीने ते वेगळं काढून गाळात टाकलं होतं.

गाळ किती दिवस ठेवायचा, हे चाळणी लिहिताना तिनेच ठरवलं होतं. बरोबरच्यांनी सात दिवस सुचवले होते. तिने नव्वद लिहिले होते. का, असं विचारल्यावर तिला पटकन कारण सांगता आलं नव्हतं.

त्र्याहत्तरावा दिवस उजाडायचा होता. अठरा दिवस हातात होते.

केंद्रप्रमुख अद्वैत लिमये चाळिशीच्या आतला, मृदू बोलणारा माणूस होता. त्याने स्वतः उठून तिला खुर्ची दिली. रंगनाथसरांबद्दल सगळ्यांनाच आदर होता, असं तो म्हणाला. शलाकाने गाळाबद्दल विचारल्यावर तसं काही ठेवलंच जात नाही असं त्याने सांगितलं. पंख्यांचे आवाज ठेवतात, बाकीचा कचरा. तिने शांतपणे त्याला सांगितलं की तो कचरा कुठल्या खणात, कुठल्या नावाने आणि किती दिवस राहतो ते तिला माहीत आहे, कारण तो खण तिनेच केला आहे. लिमयेने तिच्या ओळखपत्राकडे दुसऱ्यांदा पाहिलं. मग चहा मागवला.

तीन दिवसांनी त्याचा फोन आला. सापडलंय, या.

एका लहान खोलीत त्याने पडद्यावर आलेख लावला आणि तिला हेडफोन दिले. उजेडातल्या फरकाचा पुन्हा आवाज केला होता. भिंतीपलीकडून ऐकू यावा तसा तो येत होता, बोजड, शब्दांवाचून. पहिल्यांदा पावलं आली. डावं किंचित घासत. तीस वर्षांपूर्वी खड्ड्यात उतरताना दुखावलेला तो गुडघा. शलाकाने टेबलाची कड धरली. पुरावा ऐकायची तयारी करून ती आली होती; जिन्यावरून अण्णा वर येताना ऐकायची नव्हती.

अकरा वाजून दोन मिनिटांनी पावलं सर्व्हरपाशी थांबली. दोन ठोके. चौदा पावलं. स्विचपाशी थांबली. पुन्हा दोन ठोके. मग चौदा पावलं परत. दोन्ही टोकं पाहिली होती. नंबर जुळले होते. अकरा पाचला एक बारीक 'टक्', केबल निघाली. आणि नऊ सेकंदांनी, फक्त नऊ सेकंदांनी, दुसरा 'टक्'. सेवा बंद पडल्याचं लक्षात येताच त्यांनी ती परत लावली होती.

"मग अकरा मिनिटं कशी?" तिने विचारलं.

लिमयेने थोडं अडखळत सांगितलं. आदेशातली केबल तीच होती. प्रत्येक सर्व्हरला दोन वाटा असतात, एक काढली तरी दुसरी चालू राहते. दुसरी वाट आदल्या दिवशी वीजबचतीसाठी झोपवली होती. दिवा हिरवा होता, आतून काही जात नव्हतं. आणि केबल परत लावल्यावर ती बसते त्या खाचेला, पोर्टला, यंत्रणेने आपोआप कुलूप लावलं. टॅबलेटने कारण विचारलं. यादीत सात कारणं होती, त्यातलं एक निवडायचं आणि वरिष्ठांनी मान्यता द्यायची. वरिष्ठ बैठकीत होते. मान्यता अकरा सोळाला आली.

हेडफोनमध्ये पावलं धावत होती. सर्व्हरकडून स्विचकडे, स्विचकडून सर्व्हरकडे. चौसष्ट वर्षांचा माणूस काळोख्या हॉलमध्ये दोन टोकांमध्ये पळत होता, जिल्ह्याच्या हाका अडकल्या आहेत हे ठाऊक असलेला तिथला एकटा माणूस, आणि एक पाटी त्याला विचारत होती, खालीलपैकी योग्य कारण निवडा. अकरा चौदाला काहीतरी जड पडलं.

लिमयेने आवाज थांबवला. "पुढचं नको, मॅडम. तुम्हाला त्रास होईल."

मग त्याने आपलं म्हणणं मांडलं. हे सगळं तिला एका डबीत घालून द्यायला कंपनी तयार होती, वडिलांची आठवण म्हणून. अहवालातलं वाक्यही जरा सौम्य करता येईल. 'मानवी चूक'ऐवजी 'प्रक्रियेतील विसंगती' वगैरे. तिने फक्त हे चौकशीत न्यायचं नाही. नव्वद दिवस झाले की मूळ नोंद आपोआप पुसली जाईल, नियमाप्रमाणेच. तिच्याच नियमाप्रमाणे.

"आणि एक सांगू का," तो आणखी मऊ आवाजात म्हणाला. "पडलेलं माणूस ओळखणारी घंटा तुमच्या चाळणीत होती. तुम्ही ती मुळात बंद ठेवून दिली होती. हवी त्याने चालू करावी, अशी. चौकशीत गेलात तर हेही निघणार."

ते खरं होतं. धरणावर म्हशी बसल्या की ती घंटा वाजायची, म्हणून शलाकाने ती आपणहून चालू राहणार नाही अशी केली होती. कशी चालू करायची ते चाळणीच्या पुस्तिकेत चौथ्या पानावर लिहिलं होतं. 'निरंतर'ने बेअरिंगची घंटा चालू केली होती. माणसाची केली नव्हती. पण ती बंद करून देणारा हात तिचा होता.

ती डबी टेबलावर होती. लायटरएवढी. घासणारं डावं पाऊल त्यात होतं, आणि ते पुन्हा कुठेच ऐकू येणार नव्हतं. शलाकाला ती इतकी हवीशी वाटली की तिने हात मांडीखाली दाबून धरले. गिरणीतल्या बाईचा आवाज तिच्या कानात होता. त्यांचा काय दोष?

"पडल्यावर त्यांना किती वेळाने पाहिलं?" तिने विचारलं.

"अकरा पंचावन्न. सफाईच्या बाईंना दिसले."

एकेचाळीस मिनिटं. बत्तीस कानांच्या मध्ये.

ती उठली. डबी तिथेच राहिली.

औद्योगिक सुरक्षेच्या निरीक्षक कुलसुम तांबोळी कमी बोलणाऱ्या बाई होत्या. शलाकाचं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, पुस्तिकेचं चौथं पान मागून घेतलं, आणि त्याच दुपारी गाळ पुसायचा नाही असा लेखी हुकूम पाठवला. सुनावणी सत्त्याऐंशीव्या दिवशी डेटा सेंटरच्या बैठकीच्या खोलीत लागली. लांबट टेबल, एका टोकाला तांबोळीबाई आणि त्यांचा लेखनिक, एका बाजूला लिमये आणि कंपनीचे वकील, दुसऱ्या बाजूला शलाका. निवृत्तीकाका साक्षीला आले होते. इस्त्रीचं धोतर, टोपी, आणि खिशात, कशासाठी कोण जाणे, जुना पाना. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ते ताठ बसले होते.

वकिलांचा पहिला मुद्दा हा की गोंगाट म्हणजे पुरावा नव्हे. दोन ठोके म्हणजे काय, हे कुणी ठरवायचं? काकांनी उठून खड्ड्यांची सगळी हकीकत सांगितली. वकिलांनी विचारलं, ही पद्धत कुठल्या नियमावलीत आहे का? काका म्हणाले, "न्हाई साहेब. नियमावली आम्हाला ठोके चुकल्यावर वाचून दाखवायचे. आमचे कधी चुकले न्हाईत." लेखनिक हसला आणि लगेच खाली बघू लागला.

मग वकील शलाकाकडे वळले. "गायधनीबाई, ही चाळणी आपली. माणसाचा आवाज म्हणजे गाळ, हे ठरवलं कुणी? आपण ना?"

"हो."

"माणूस पडल्याची घंटा बंद ठेवून दिली, तीही आपणच?"

"हो."

"मग दोष कुणाचा म्हणायचा?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं, आणि उत्तर देताना आवाज चढवायचा नाही असं तिने घरून ठरवून आणलं होतं.

"माझा भाग माझ्या नावाने लिहा," ती म्हणाली. "शलाका रंगनाथ गायधनी, असं पूर्ण लिहा. माणसाचा आवाज आधी ऐकायला हवा होता, तो मी शेवटी ठेवला. ज्यांनी दुसरी वाट झोपवली त्यांचा भाग त्यांच्या नावाने लिहा. जोडीदार काढून टाकला त्यांचा त्यांच्या. सात कारणांची यादी केली त्यांचा त्यांच्या, आणि बैठकीतून उठले नाहीत त्यांचाही. आम्ही सगळे माणसंच आहोत, पण अहवालात आमच्यातलं कुणी नाही. तिथे एकच माणूस आहे. त्या दिवशी चूक न केलेला तेवढा एकच होता."

वकिलांनी कागद चाळले. तांबोळीबाईंनी नोंद ऐकवायला सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, न थांबवता.

खोलीत पावलं आली. ठोके, चौदा पावलं, ठोके. टक्. नऊ सेकंद. टक्. धावणं. मग ते जड पडणं, ज्याच्यापुढे शलाकानेही काही ऐकलं नव्हतं. त्यानंतर पंख्यांची घरघर. तांबोळीबाईंच्या पेनाचं टोपण लावलेलंच होतं. अकरा सोळाला सेवा सुरू झाली तेव्हा स्विचच्या पंख्याचा सूर किंचित बदलला.

अकरा सतराला दोन ठोके आले.

खालून, फरशीजवळून, रॅकच्या पत्र्यावर. हलके, पण दोनच, आणि मधलं अंतर नेहमीचं. मग थांबणं. आरडाओरडा नव्हता. आयुष्यभर पलीकडच्या खड्ड्यातल्या माणसाने ज्याला उत्तर दिलं होतं, तो माणूस नेहमीसारखा उत्तराची वाट पाहत होता.

टेबलाच्या टोकाकडून दोन ठोके आले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. निवृत्तीकाकांचा हात टेबलावर होता, बोटं दुमडलेली. ते कुणाकडे बघत नव्हते. आपण काय केलं हे त्यांना कळलेलंही दिसत नव्हतं. अकरा अठराला अण्णांचे पुन्हा दोन ठोके आले, काकांनी पुन्हा परत दिले. वकील काही बोलायला पुढे झुकले तेव्हा तांबोळीबाईंनी नुसता तळहात वर केला.

एकोणीस वेळा. मधली अंतरं वाढत गेली, ठोके मंद होत गेले. काकांचेही तसतसे मंद होत गेले, जणू पलीकडच्याला मोठा आवाज सोसणार नाही. लिमये टेबलाकडे बघत होता. शलाका मोजत होती, कारण मोजणं थांबवलं असतं तर दुसरं काहीतरी करावं लागलं असतं. अकरा एक्केचाळीसला एकोणिसावे ठोके आले. पहिला नीट, दुसरा अर्धा. काकांनी दोन्ही पुरे करून परत दिले आणि हात उचलून पुढच्याची वाट पाहू लागले.

पुढे चौदा मिनिटं फक्त पंखे होते. बाईंनी तीही पूर्ण ऐकवली. अगदी शेवटी हलकी, झपझप पावलं आली आणि थबकली. तिथे नोंद संपली.

तांबोळीबाईंनी पेनाचं टोपण काढलं. लेखनिकाला सांगितलं, लिहा. एकोणिसाव्या पानावरचं वाक्य रद्द. तंत्रज्ञाने दोन्ही टोकांची खातरजमा केली होती. केबल आदेशाप्रमाणेच काढली होती आणि नऊ सेकंदांत परत लावली होती. अकरा सतरा ते अकरा एक्केचाळीस, एकोणीस वेळा मदत मागितली. केंद्राच्या यंत्रणेने ती ऐकली. उत्तर दिलं नाही. बाकीची नावं पुढच्या तारखेला.

"आणि नाव रंगनाथ," त्या म्हणाल्या. "रघुनाथ नव्हे."

लेखनिकाचं लिहिणं चालू होतं. वकील पिशवी आवरत होते. निवृत्तीकाकांचा हात अजून तसाच हवेत होता, दुमडलेली बोटं टेबलाच्या वर टीचभर, कान पुढे. त्यांना सांगायला हवं होतं की आता काही येणार नाही.

शलाकाने आपल्या बाजूने टेबलावर दोन ठोके दिले.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि हात काढला.